नव्वद दिवसांची चाचणी

अण्णांच्या डाव्या हातात, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मऊ मांसात, काचेची एक कुपी होती. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. तिच्यात बॅटरी नव्हती. फेराइटच्या बारीक कांडीवर गुंडाळलेली तांब्याची तार आणि तिच्या टोकाला चिप, एवढंच. फोन जवळ नेला की फोनच्या लहरींवर ती तार क्षणभर जागी व्हायची, चिपमध्ये लिहिलेलं सांगायची आणि पुन्हा निजायची. जयसिंगपूरच्या आमच्या घराचं कुलूप त्या हातावर उघडायचं. अण्णा दारासमोर हात धरायचे आणि आत शिरताना म्हणायचे, "किल्ली हरवली तर माणूसच हरवला असं समजायचं."

तेव्हा अशा चिपांचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. गावोगावी हौशी मंडळी होती. कुणी बोटात लोहचुंबक बसवून विजेची तार चाचपायचं, कुणी दंडात तापमापक. दवाखान्यातली रीतसर यंत्रंही मिळत होती, पण ती डॉक्टरच्या आधी विमा कंपनीशी बोलायची. छातीत चार ठोके चुकले की सकाळी हप्ता बदलल्याचा निरोप. म्हणून पुष्कळ लोक आपली यंत्रं आपणच करू लागले होते. माझ्या अंगातलं मला आधी कळावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

अण्णा, म्हणजे भूपाल मगदूम, एकतीस वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे निदेशक होते. ते निवृत्त झाले, मग आई गेली आणि घरात आम्ही दोघं उरलो. मी सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. शुक्रवारी संध्याकाळी मी परत यायची तेव्हा मागच्या खोलीत अण्णांची बैठक भरलेली असायची. अण्णा, त्यांचे दोन जुने विद्यार्थी आणि रावसाहेब खोत. खोतकाका पशुधन पर्यवेक्षक होते. हजारो गाईम्हशींच्या कानात त्यांनी बिल्ले मारलेले, पुढे कुत्र्यांच्या मानेत चिपा टोचलेल्या. हात स्थिर, छाती मोठी. बैठकीचे शस्त्रवैद्य तेच.

हातातली कुपी त्यांनीच बसवली. चौथ्या दिवशी अण्णांचा हात कोपरापर्यंत सुजला. आठ दिवस ताप. कॉलेज सोडून मी उशाशी बसले आणि खोतकाका विचारपूस करायला आले तेव्हा दारातच मी म्हणाले, "काका, ते गाय नाहीत."

"गाय असती तर एव्हाना उभी ऱ्हायली असती," खोतकाका म्हणाले. "गाय गोळ्या येळेवर खाती."

आतून अण्णा हसले. मला हसू आलं नाही. मी म्हणाले, "या घरात पुन्हा सुई आणायची नाही. आणणार असाल तर तुम्हीही येऊ नका."

ते आले नाहीत. बैठक त्यांच्या गोठ्यामागच्या खोलीत भरू लागली. अण्णांनाही मी बजावलं होतं. दुसरी चिप बसवलीत तर मी सांगलीला खोली घेऊन राहीन.

"खोलीला कुलूप कसलं लावशील?"

"साधं. किल्लीचं."

"मग चोराची सोय झाली," ते म्हणाले, आणि विषय तिथंच राहिला. त्यांनी कबूल केलं नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक यंत्राला तारेनं एक पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं असायचं. जॉब कार्ड. कोणता भाग बदलला, कधी, कुणी. अण्णांचे त्याबद्दल दोन नियम होते. कार्ड यंत्रावरच राहील, ऑफिसच्या कपाटात जाणार नाही. आणि काम चाचणीत पास झाल्याशिवाय कार्डावर चढणार नाही. फार पूर्वी एका मुलानं चाचणीआधीच 'दुरुस्त' असं लिहून टाकलं होतं आणि त्या भरवशावर दुसऱ्यानं यंत्राला हात लावला. त्याची दोन बोटं गेली. तेव्हापासून अण्णांच्या वर्कशॉपमधल्या कार्डावर जे असे ते खरंच असे.

हातातल्या चिपमध्ये अण्णांनी स्वतःचं जॉब कार्ड लिहून ठेवलं होतं. रक्तगट, पेनिसिलिनची ॲलर्जी, आजोबांना असलेला दमा. खाली 'बसवलेले भाग: एक' आणि त्याची तारीख, काचेचा प्रकार, फेराइटचं वजन, 'एमआरआयला चालतो'. मी ते कितीदा वाचलं होतं. माझ्या वडिलांबद्दल लिहिलेला याहून नेमका मजकूर कुठं नव्हता.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी सहा वाजता मी चहा घेऊन गेले तेव्हा अण्णा पलंगाच्या कडेला उजवीकडे कलंडून बसले होते. तोंडाची उजवी बाजू खाली आलेली. मी हाक मारली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओळखलं, आणि बोलायला तोंड उघडलं. आत शब्द नव्हता.

सव्वासातला आम्ही मिरजेत होतो. तिथल्या डॉक्टर नाझनीन मुल्ला वयानं लहान होत्या, माझ्या विद्यार्थिनींएवढ्या. डोक्याचं सीटी स्कॅन झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"रक्तस्राव नाही. गुठळी आहे, पण इतक्या बारीक फांदीत की तारेनं काढता येणार नाही. औषधानं विरघळवता येईल. शेवटचे चांगले कधी पाहिलेत त्यांना?"

"रात्री दहा. दिवा बंद कर म्हणाले."

"म्हणजे नऊ तास. औषध साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. नंतर दिलं तर मेंदूतच रक्तस्राव होऊ शकतो. यांना रात्री अकराला झालं की पहाटे पाचला, हे कोण सांगणार?"

"एमआरआय?"

त्यांनी मान हलवली. ते कसं, हे त्यांनी मला दोन मिनिटांत समजावलं, आणि नंतर मी वाचलं त्यात त्याहून जास्त काही नव्हतं. एमआरआयचं यंत्र दोन प्रकारची चित्रं घेतं. पहिल्या प्रकारात मेंदूतली इजा काही मिनिटांतच दिसू लागते. दुसऱ्यात ती दिसायला चार-पाच तास लागतात. पहिल्यात दिसली आणि दुसऱ्यात नाही, तर इजा ताजी. औषध द्यायचं. दोन्हींत दिसली, तर उशीर झालेला.

"अंगात काही बसवलेलं आहे का? लोहचुंबक, पेसमेकर, घरगुती चिप?"

"हातात एक चिप आहे." मी फोन अण्णांच्या हातावर धरला. कार्ड उघडलं. डॉक्टर मुल्लांनी ते वाचलं आणि पुन्हा वरून वाचलं.

"हे कुणी लिहिलंय?"

"त्यांनीच. आयटीआयमध्ये निदेशक होते."

"आमच्या सर्जनच्या नोटा अशा असत्या तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. "घरगुती रोपण असलं की आमच्याकडे छाती-पोटाचा एक्स-रे काढायचा नियम आहे. लोक सांगतात एक आणि निघतात तीन. पण एक्स-रेला आत्ता अपघाताची माणसं आहेत. वीस-पंचवीस मिनिटं जातील. तुम्ही लेखी दिलंत की हे एकच आहे, तर मी एक्स-रे वगळू शकते."

"वीस मिनिटांत काय जातं?"

"मिनिटाला साधारण वीस लाख पेशी. ठरवा तुम्ही. मी घाई करणार नाही."

फोन हातातच होता. मी खोतकाकांचं नाव काढलं. चौदा महिने आम्ही बोललो नव्हतो. शेवटचं मी त्यांना काय म्हणाले होते ते आठवलं, आणि वाटलं, कशाला. कार्ड आहे ना. अण्णांनी कार्डावरून कधी काही गाळलेलं नाही, असं मी डॉक्टर मुल्लांना म्हणाले, आणि अभिमानानं म्हणाले. 'याव्यतिरिक्त रुग्णाच्या शरीरात कोणतेही रोपण नाही' या ओळीखाली सही केली. वेळ लिहिली, सात चाळीस.

कपडे बदलताना नर्सनं विचारलं, "ही गाठ कसली?" गळ्याच्या हाडाखाली, डाव्या बाजूला.

"चरबीच्या गाठी आहेत त्यांना. पाठीवर बघा, दंडावर बघा." होत्याच. लहानपणी मी त्या मोजत असे.

अण्णा सारखा डावा हात उचलत होते. छातीशी नेत, ठोकत, पुन्हा उचलत. "हो, अण्णा, हातातल्या चिपचं सांगितलंय मी त्यांना," मी म्हणाले. त्यांनी जोरात मान हलवली आणि पुन्हा हात छातीवर आपटला. मी तो हात धरला आणि खाली चादरीवर ठेवला. त्यांनी उचलला. मी पुन्हा ठेवला, आणि स्ट्रेचर ढकलत एमआरआयच्या खोलीच्या दारापर्यंत नेईपर्यंत धरून ठेवला.

दाराच्या चौकटीत धातू ओळखणारी कमान होती. ती वाजली.

"हाताची चिप," मी म्हणाले. तंत्रज्ञानं कागद पाहिला, मान डोलावली.

त्या यंत्रातलं लोहचुंबक बंद होत नाही. चित्र काढत नसतानाही, रात्रंदिवस, ते चालूच असतं. पृथ्वीच्या चुंबकाच्या साठ हजार पटींनी प्रबळ. साधं लोखंड ते ओढून घेतं. पण जे स्वतःच लोहचुंबक असतं त्याला ते नुसतं ओढत नाही. त्याला ते आपल्या दिशेला वळवू पाहतं, होकायंत्राच्या सुईसारखं, आणि ते जिथं रुतलेलं असेल तिथल्या सगळ्यासकट.

मी काचेच्या पलीकडे होते. टेबल आत सरकू लागलं. अण्णांचा डावा खांदा वर उचलला गेला, कुणी सदऱ्याला धरून उठवावं तसा. त्यांच्या तोंडून एक आवाज आला. बोलता येणाऱ्या माणसाच्या तोंडून तसा आवाज येत नाही.

टेबल बाहेर काढायला आठ सेकंद लागली असं नंतर चौकशीत आलं. तेवढ्यात गळ्याच्या हाडाखालची एक रक्तवाहिनी फाटली होती.

दुपारी डॉक्टर मुल्लांनी मला प्लॅस्टिकची एक डबी दाखवली. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण आवाज नीट होता. डबीत सिलिकॉनमध्ये बंद केलेली एक चकती होती. पन्नास पैशांच्या नाण्याएवढी असेल. आत सर्किट, बॅटरी, आणि मधोमध मसुराच्या डाळीएवढं लोहचुंबक. बॅटरी बाहेरून, कातडीवर चार्जर ठेवून भरायची. तो चार्जर झोपेत सरकू नये म्हणून आत-बाहेर दोन लोहचुंबकं, एकमेकांना धरून राहणारी. साधी, स्वच्छ रचना. कुणाची, ते मला विचारावं लागलं नाही.

"औषध?" मी विचारलं.

"ते गुठळी विरघळवतं, पण सगळीकडची. छातीतलं रक्त कसंबसं थांबलंय. आता देता येणार नाही."

मी तिथं बसून राहिले. कुणी मला काही विचारलं नाही. माझी सही त्या कागदावर होती आणि कागद फायलीत होता.

खोतकाका सहाव्या दिवशी आले. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले, टोपी गुडघ्यावर. आत गेले नाहीत.

"तुम्ही बसवलीत?"

"मीच."

"मला का नाही सांगितलं?"

"पावसाळ्यात जिना चढताना त्येनला धडधड व्हायची. डॉक्टरकडं चला म्हणलं तर म्हणाले, विम्याचं यंत्र नको. आपलं करू. मी म्हणलं, पोरीला सांगा. म्हणाले, पास झाली की सांगू. तिला ठोके दाखवू. चिडंल आधी, मग आकडे बघून गप बसंल."

"पास कधी होणार होती?"

"नव्वद दिवस चाचणी. नव्वदाव्या दिवशी कार्डावर चढवायची आणि तुझ्या फोनला जोडायची. ठोके बिघडले तर तुलाच निरोप यावा, असं केलं व्हतं. तवर निरोप बंद. उगंच चुकीचा निरोप जाऊन तू घाबरायला नको म्हणून."

"त्या दिवशी कितवा होता?"

"एकोणऐंशी."

कॉरिडॉरमधून जेवणाची गाडी गेली. मी म्हणाले, "मी तुम्हाला फोन करणार होते. नाव काढलं होतं."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "फोन उशाशीच असतो गं माझा." मग टोपी डोक्यावर ठेवली आणि पुन्हा काढली. "मी दवाखान्याच्या डायरेक्टर सायबांकडं जाऊन सांगितलंय, मी बसवली म्हणून. तुझं नाव कुठं घेऊ देणार न्हाई."

"माझं नाव कागदावर आहे, काका."

चौकशी झाल्यावर ती चकती आम्हाला परत मिळाली. खोतकाकांनी ती अण्णांच्याच चार्जरवर ठेवली. मला वाटलं होतं, एवढं सगळं झाल्यावर ती मेली असेल. ती जागी झाली. एकोणऐंशी दिवसांचे ठोके, श्वास आणि अंगाची हालचाल, काही न गाळता.

पहिले साठ दिवस ठोके एकसारखे होते. एकसष्टाव्या रात्री ठोके विस्कटले. दोन तास. मग दोन दिवसांनी पुन्हा. हृदयाचे वरचे कप्पे असे नुसते थरथरत राहिले की आत रक्त साचतं आणि त्याची गुठळी होते. एक साधी रोजची गोळी ती होऊ देत नाही. एकोणीस दिवस ती चकती हे लिहून ठेवत होती. निरोप बंद होते.

शेवटच्या सकाळची नोंद मी एकटीनं पाहिली. खोतकाका बाहेर जाऊन उभे राहिले होते. चार बावन्नला अण्णा उठले. सव्वीस पावलं, सारख्या अंतराची, दोन्ही पायांवर सारखा भार. तीन मिनिटांनी सव्वीस पावलं परत. पाच अडतीसला ते कुशीवर वळले, उठायला गेले आणि उजवीकडे कलंडले.

पाच अडतीस. मी सही केली तेव्हा जेमतेम दोन तास झाले होते. एक्स-रेचे वीस नाही, साठ मिनिटं थांबले असते तरी चाललं असतं. आणि मुळात त्या बोगद्यात जायचीच गरज नव्हती. यंत्राला जे विचारायला नेलं, ते उत्तर त्यांच्या छातीत लिहिलेलं होतं. अण्णा ते हातानं ठोकून सांगत होते, आणि मी त्यांचा हात धरून ठेवला होता.

अण्णा मार्चमध्ये गेले. न्यूमोनियानं, घरीच. डॉक्टर मुल्ला अंत्यविधीला आल्या होत्या, मागे उभ्या राहून निघून गेल्या. शुक्रवारची बैठक बंद झाली. खोतकाकांच्याही हातात चिप होती, ती त्यांनी काढून टाकली असं कुणीतरी सांगितलं. मी विचारलं नाही.

त्याआधीचे चार महिने अण्णांकडे एकच शब्द उरला होता. वाचा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, असं होतं, सगळी भाषा जाते आणि एखादा शब्द खडकासारखा राहतो. अण्णांचा शब्द होता 'बरं'. भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, सूर वेगळा. समज पुष्कळशी शाबूत होती. वर्तमानपत्रातलं वाचता येत नसे, पण आलेख समोर धरला की त्यावरून त्यांचं बोट बरोबर फिरे.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी त्यांचा सदरा बदलत होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझी बोटं गळ्याच्या हाडाखालच्या व्रणावर नेऊन ठेवली.

"बरं?"

"दुखतंय?"

नाही. त्यांनी डाव्या तर्जनीनं हवेत एक रेघ काढली. खाली, वर, टोक, पुन्हा खाली. हृदयाच्या ठोक्याची. मग पुन्हा व्रणावर बोट.

"बरं?"

चालली का, असं ते विचारत होते. इतक्या महिन्यांत कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

आलेख माझ्या फोनमध्ये होता. मी हो म्हणाले असते तर त्यांनी दाखव अशी खूण केली असती. एकतीस वर्षं ज्या डोळ्यांनी मुलांची कामं तपासली त्या डोळ्यांनी ते एकेक दिवस बघत पुढं गेले असते. एकसष्टाव्या रात्रीपर्यंत. आणि मग त्या सव्वीस पावलांपर्यंत.

"नाही, अण्णा," मी म्हणाले. "दुसऱ्याच आठवड्यात बंद पडली. बॅटरी गेली."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, ओळखलं. पण त्यांच्या चेहऱ्याची जी बाजू हलत होती ती सावकाश मऊ झाली, एखाद्या मुलाचं काम फसलं की होत असे तशी. राग नव्हता. त्यांनी बोट व्रणावरून उचललं, छातीच्या हाडावरून पलीकडे, त्यांना स्वतःला स्पर्शही न कळणाऱ्या उजव्या बाजूला नेलं, आणि तिथं चकतीएवढं एक लहान वर्तुळ काढलं.

"बरं," ते म्हणाले, आणि मी हो म्हणेपर्यंत त्यांनी बोट तिथून काढलं नाही.